अमेरिकेत जुन्या कापड गिरणीतला लॉफ्ट फ्लॅट, आणि त्यासाठी अंगोळचा प्लॉट विकायचा का?

तिसरं_गेट_बेळगाव

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा आणि खरं खरं सांगा.

माझा धाकटा भाऊ बॉस्टनच्या बाजूला नोकरीला आहे, एच-वन व्हिसावर, सोबत वहिनी आणि चार वर्षांची मुलगी. आजपर्यंत भाड्यानंच राहिले, आता घर घ्यायचं चाललंय. आम्हाला वाटलं नेहमीसारखा टू बीएचके बघेल, तर पठ्ठ्यानं शोधून काढलंय काय, तर लोवेल म्हणून गाव आहे तिथली जुनी कापडाची गिरणी. गिरणी बंद पडून जमाना झाला, आता आत फ्लॅट पाडलेत आणि त्यातला एक विकायला आहे. तिसरा मजला, साडेअकराशे स्क्वेअर फूट, पण सगळी मिळून एकच दांडगी खोली. छत बारा-तेरा फुटांवर, लाकडाच्या तुळया उघड्या, विटांच्या भिंतींना प्लास्टर नाही, खिडक्या माणसाच्या दीडपट उंच. एका बाजूला वर लाकडी मजला काढलाय, शिडीसारख्या जिन्यानं चढायचं, ती म्हणे बेडरूम. खाली बाथरूम सोडलं तर कुठंच दार नाही. किंमत तीन लाख पस्तीस हजार डॉलर, म्हणजे आपले तीन कोटीच्या आसपास, वर इमारतीच्या देखभालीची महिन्याला सहाशेवीस डॉलर फी कायमची.

फोटो बघून भाऊ वहिनी दोघं खुळावलेत. बाबांनी व्हिडिओ कॉलवर सगळं बघून एकच विचारलं, "प्लास्टर केलं नाही तर पैसे कमी घ्यायला पाहिजेत की, जास्त कशाला?" आईचा प्रश्न देवघर कुठं करणार. त्यावर भाऊ म्हणतो खिडकीत जागा आहे.

खरी गोष्ट पुढं आहे. वीस टक्के आधी भरायचे, तेवढे त्याच्याकडे नाहीत. बाबांनी १९९८ ला अंगोळच्या बाजूला घेतलेला प्लॉट आहे तो विकून द्या म्हणूलाय. आई बाबा वर्षाआड जाऊन राहणार असंही ठरतंय, बाबांचे गुडघे गेलेत हे वेगळं. मला गिरणीत राहण्यातली गंमत कळते, अगदीच कळत नाही असं नाही, पण इतक्या जुन्या इमारतीत पैसे अडकवावेत का, कागद कुठले बघायचे, इथनं पैसे पाठवताना काय भानगडी होतात हे कुणी केलेलं असेल तर सांगा. आणि प्लीज "आजकालची पिढी" वगैरे नको, ते घरी रोज ऐकतेय.

---

उद्यमबाग_लेथवाला

ताई आम्ही दिवसभर वर्कशॉपमध्ये काळे होऊन संध्याकाळी कधी एकदा घरी जातो असं करतोय आणि तुमचा भाऊ तीन कोटी देऊन शॉपमध्येच झोपणार, भारी हाय 😄

चेष्टा सोडा. त्या जुन्या गिरण्यांचं काम दणकट असतंय. बाहेरची भिंत खाली जाडजूड, वर जाईल तशी कमी होत गेलेली, आत लाकडाचे मोठे खांब आणि तुळया, त्यावर तीन चार इंची फळ्या. एवढं जाड लाकूड पेटलं तरी वरनं कोळसा होतो आणि आतलं बराच वेळ तग धरून राहतं, म्हणून मुद्दाम तसं बांधायचे, कारण कापसाची आग म्हणजे खेळ नाही. त्यामुळं इमारत पडेल बिडेल ही भीती काढून टाका.

माझी शंका फरशीवर. म्हणजे लाकडी फळ्यांवर. शंभर वर्षं मशिनीचं तेल गळून गळून त्यात मुरलेलं असतंय. आमच्या लेथखालचा कोबा बघा, कितीबी धुवा, मे महिन्यात वास येणारच. लाकूड तर पिऊन बसतंय. वरनं पॉलिश मारून फोटो काढला की चकाचक दिसतंय. भावाला सांगा उन्हाच्या दिवशी दुपारी खिडक्या बंद असताना जाऊन उभं राहा, आणि त्या फळ्या काढून बदलल्या, नुसत्या घासल्या का वर दुसरा थर टाकला ते लेखी विचार.

---

कडोलीकर_मेरिमॅककाठी

मी लोवेलमध्येच राहतो, अशाच एका गिरणीत, पण भाड्यानं. मूळ कडोलीचा. त्यामुळं मला सविस्तर लिहिण्याचा हक्क आहे असं समजतो 🙂

आधी ती गिरणी तिथं का आली ते सांगतो कारण घर घेताना ते कामाला येतं. लोवेलला मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी ३२ फूट खाली येते. त्या पाण्यासाठीच हे अख्खं शहर बसवलं, नदीतून कालवे काढले, एकूण साडेपाच मैलांच्या वर भरतात, आणि कालव्याच्या काठानं गिरण्या. बूट कॉटन मिल्स १८३५ ची. सुरुवातीला खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरी कामाला यायच्या, कंपनीच्याच बोर्डिंगमध्ये राहायच्या, नंतर आयर्लंड, क्युबेक, ग्रीस कुठनं कुठनं लोक आले. मग धंदा दक्षिणेकडे गेला आणि १९५० च्या दशकापर्यंत मोठ्या गिरण्या जवळपास सगळ्या बंद. १९७८ ला इथं नॅशनल हिस्टॉरिकल पार्क झालं. बूट मिलमध्ये म्युझियम आहे, खाली जुने माग चालू करून दाखवतात, आत जाताना कानात घालायला बोळे देतात एवढा आवाज. आई बाबा आले की नक्की दाखव.

आता हे कामाला कसं येतं. गिरणी पाण्यासाठी बांधली म्हणजे ती पाण्याला लागूनच आहे. मे २००६ मध्ये मेरिमॅकला मोठा पूर आला होता. तुझ्या भावाचा तिसरा मजला आहे, घरात पाणी येणार नाही, पण लिफ्टची मशीन, विजेचं पॅनल, बॉयलर हे कुठं आहे? तळघरात असेल तर दुरुस्तीची वर्गणी तिसऱ्या मजल्यालाही बसते. सरकारी पुराचा नकाशा ऑनलाइन बघायला मिळतो, पत्ता टाकायचा फक्त.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हे घर म्हणजे विटा, तुळया, खिडक्या असं फोटोत दिसतं पण त्यातलं त्याचं स्वतःचं जवळपास काहीच नसणार. भिंत सगळ्यांची, छप्पर सगळ्यांचं, खिडकीसुद्धा बहुतेक वेळा असोसिएशनची (आपल्याकडची सोसायटी म्हण). तो विकत घेणार ती आतली हवा आणि इमारतीतला वाटा. त्यामुळं फ्लॅट कसा आहे याच्याआधी असोसिएशन कशी आहे ते बघायचं. सहाशेवीस फी जास्त का कमी हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्यातले किती राखीव फंडात जातात? फंडात आज किती आहेत? शेवटचं छप्पर कधी केलं, विटांच्या सांध्यातला चुना-मॉर्टर कधी भरला? फंड रिकामा असेल आणि उद्या छप्पर काढलं तर प्रत्येक फ्लॅटवर वेगळी वर्गणी लावतात, आणि ती हजारात असते, कधी दहा हजारांत. मी राहतो त्याच्या शेजारच्या इमारतीत मालक लोक दोन वर्षं फक्त याच एका गोष्टीवर भांडतायत, मीटिंगचा आवाज आमच्याकडं ऐकू येतो.

म्हणून बजेट, राखीव फंडाचा रिपोर्ट, मागच्या दोन तीन वर्षांच्या मीटिंगची मिनिट्स आणि मास्टर डीड (इमारतीचा मूळ दस्त), एवढं ऑफर द्यायच्या आधी मागायचं. मिनिट्स वाचताना "खिडकी", "गळती", "लिफ्ट", "वकील" हे शब्द शोध म्हणावं. आणि खरेदीच्या वेळी सिक्स-डी सर्टिफिकेट असतं, आधीच्या मालकाची फी थकलेली नाही याचा दाखला, ते इथल्या कायद्यानुसार असोसिएशन देते, वकील मागतोच पण माहीत असावं.

खिडक्या. एवढ्या मोठ्या खिडक्या गिरणीला उजेडासाठी लागायच्या, विजेचे दिवे नव्हते. आता त्याच हिवाळ्यात हीटिंगचं बिल वाढवतात. आणि ऐतिहासिक इमारत असल्यानं मनाला येईल तशी खिडकी बसवता येत नाही, लोवेल हिस्टॉरिक बोर्डाची परवानगी लागते. दुहेरी काच आहे का ते बघायचं, आणि मागच्या जानेवारी फेब्रुवारीची बिलं मागायची. विकणारा देतो, नाही दिली तर समजायचं.

आवाज पण. जाड फळ्या आहेत म्हणून शांत असेल असं वाटतं पण उलटं असतं, वरच्याचं पाऊल न पाऊल कळतं. संध्याकाळी सात नंतर जाऊन उभं राहा, ब्रोकर दुपारी अकराला बोलावतो तेव्हा सगळे ऑफिसला असतात.

आणि मुलगी चार वर्षांची म्हणालीस. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७८ च्या आधीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहणार असेल तर शिशाच्या रंगाचा कायदा लागतो, ते शिसं काढणं किंवा बंदिस्त करणं मालकाची जबाबदारी, म्हणजे घर घेतलं की तुझ्या भावाची. तपासणीचे कागद आहेत का हे पहिल्याच दिवशी विचार. जुन्या तुळयांवर, खिडकीच्या चौकटीवर जुना रंग तसाच ठेवायची इथं फॅशन आहे, त्याला "कॅरेक्टर" म्हणतात.

इन्स्पेक्शन, म्हणजे घेण्याआधीची घराची तपासणी, सोडून देऊ नकोस हेही सांग. पूर्वी चढाओढीत लोक इन्स्पेक्शन न करताच ऑफर द्यायचे. ऑक्टोबर २०२५ पासून इथं नियम आलाय की ते सोडलं तरच ऑफर घेतो असं विकणाऱ्याला म्हणता येत नाही.

दमलो. बाकी विचार.

---

वडगाव_मागवाला

आम्ही वडगावचे विणकर बिनाडॉलर लॉफ्टात राहतोय की वो. खाली माग, वर आम्ही. सकाळी सहाला खटाखट चालू, माडीवर चहाचा कप बशीत नाचूलाय. खासबाग शहापूरला पण हेच. लाइट गेली आणि माग थांबला की आमच्या आजीला जाग यायची, शांतता झाली म्हणून.

पण एक सांगतो, मागाच्या घरात राहून कळतंय ते म्हणजे धूळ. सुताची धूळ तुळईच्या वर, पत्र्याच्या खाचेत जाऊन बसती ती कायमची. यांच्या उघड्या विटांच्या सांध्यांत पण तसंच असणार, वर तेरा फुटांवर झाडू कोण मारणार? विटांचा भुगा पण झडत असणार रोज थोडा. विटेला वरनं काही लावलंय का बघा. वहिनीला दमा बिमा असेल तर विचार करा.

---

निपाणीची_माई

मी माझ्या मुलीकडं मँचेस्टरला असल्याच गिरणीतल्या घरात हिवाळा काढून आले. अँकोट्स म्हणून भाग आहे, सगळ्या सुताच्या गिरण्या, कालव्याला लागून. तिकडची कागदपत्रं वेगळी, लीजवर असतं सगळं, त्यातलं मला कळत नाही. राहण्यातलं सांगते.

उजेड म्हणजे उजेड हो. निपाणीत आमच्या तंबाखूच्या वखारी आहेत तशाच जाड भिंती, पण वखारीत अंधार गुडूप आणि इथं सगळीकडनं ऊन. ढगाळ दिवसातसुद्धा बरं वाटायचं. तेवढ्यासाठी मुलीनं घर घेतलं आणि ते मला पटलं.

आता त्रास. पहिल्याच दिवशी मी आमटीला फोडणी घातली, मोहरी मिरची कडीपत्ता, आणि छपराला धुराचा अलार्म कोकलायला लागला. जावई टॉवेल घेऊन धावले. वर चिमणी आहे पण ती वास बाहेर टाकत नाही, फिल्टरमधनं फिरवून परत घरातच सोडते. भिंती नाहीत म्हटल्यावर फोडणीचा वास अंथरुणात, कपड्यात, पडद्यात. ठेचा करायचा विचारच सोडून दिला मी. म्हणून चिमणीचा पाइप भिंतीबाहेर गेलाय का हे बाळ तू भावाला आजच विचार. नसेल तर जुनी भिंत आहे म्हणून भोक पाडू देत नाहीत.

दुसरं म्हणजे आई बाबा झोपणार कुठं? मी हॉलमधल्या सोफ्यावर आणि लेक जावई वर माळ्यावर. त्यांनी फोनवर बोललेलं मला ऐकू, माझं घोरणं त्यांना. रात्री एकनं दिवा लावला की तिघं जागे. लेकराला झोपवलं की आठ वाजता सगळ्यांनी गप्प बसायचं. चार दिवसांची पाहुणी असती तर ठीक, पण सहा महिने तसं राहवत नाही, नात्यात कुरबुर येते. आणि त्या जिन्यावर मी एकदाच चढले. बाबांचे गुडघे गेलेत म्हणतेस, मग ती वरची जागा त्यांच्यासाठी नाहीच. उन्हाळ्यात वर गरमही होतं, सगळी ऊब वर जाऊन बसते.

खाली एका कोपऱ्यात भिंत घालून दार असलेली एक खोली करता येईल का ते विचारून घ्या. खिडकी नसलेली खोली बेडरूम म्हणून चालत नाही म्हणे, आणि फायरवाल्यांचे पाण्याचे फवारे पण हलवावे लागतात.

देवघराचं सोड, खिडकीत छान होतं. फक्त उदबत्ती बेतानं.

---

कॅम्पातला_सीए

पैशाचं लिहितो. सल्ला समजू नका, तुमच्या सीएला कागद दाखवूनच करा.

प्लॉट १९९८ चा म्हणजे विकून होणारा नफा लाँग टर्म गेन. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनीला दोन पर्याय आहेत, नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत न वाढवता) किंवा २० टक्के इंडेक्सेशन धरून, जो कमी बसेल तो. बाबांनी खरेदीची रक्कम आणि जुना दस्त शोधून ठेवावा. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापेल.

बरेच जण इथं गफलत करतात ते म्हणजे "घरच घेतोय की, मग टॅक्स वाचेल". नाही वाचणार. त्या सवलतीसाठी घर भारतात असावं लागतं, आणि ज्यानं प्लॉट विकला त्यानं घ्यावं लागतं. लोवेलचं घर मुलाच्या नावावर, त्यामुळं दोन्हीकडनं बाद.

पाठवायचं म्हणाल तर रहिवासी माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, मुलाला भेट म्हणून चालतं. वीस टक्के म्हणजे ६७ हजार डॉलर, धरा साठ लाख. पण वर्षाला दहा लाखांच्या वर जेवढे जातात त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, पाठवतानाच घेते. बाबांनी एकट्यानं साठ पाठवले तर पन्नासवर दहा लाख टीसीएस. आई बाबांनी तीस तीस पाठवले तर प्रत्येकी वीस लाखांवर चार, एकूण आठ. आणि निम्मे मार्चमध्ये, निम्मे एप्रिलमध्ये असं दोन वर्षांत दोघांनी विभागलं तर प्रत्येक खेपेला पंधरातले पाचच लाख वर राहतात, एक एक लाख, मिळून चार. हा टॅक्स बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो नाहीतर परत मिळतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात आणि ऐनवेळी डाउन पेमेंट कमी पडतं. हिशोब आधी करा.

तिकडे बँकेला गिफ्ट लेटर लागेल, हे कर्ज नाही भेट आहे असं, आणि पैसे कुठून आले त्याची साखळी, म्हणजे प्लॉटचा दस्त, बाबांचं स्टेटमेंट सगळं. रोखीचा एक रुपया मध्ये घालू नका. कुणी "तीस व्हाइट, बाकी वर" म्हणणारा गिऱ्हाईक आला तर बाकीचे तीस अमेरिकेला जाणार कसे? परदेशातल्या माणसांकडून वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट आली तर भावाला तिकडे फॉर्म ३५२० भरावा लागतो, टॅक्स नसतो पण न भरल्याचा दंड मोठा आहे. ६७ हजारात तो येत नाही, अजून काही पाठवलं तर लक्षात ठेवा.

इथला ई-खाता (महापालिकेचा मिळकतीचा ऑनलाइन उतारा) काढलाय का? नसेल तर रजिस्ट्रेशनला अडेल, आणि महापालिकेचं काम एका फेरीत होत नाही हे तुम्हाला माहीतच.

---

गोकाक_फॉल्स_क्वार्टर

मी गोकाक फॉल्सच्या मिलच्या क्वार्टरमध्ये वाढलो, वडील स्पिनिंगला. हे वाचून कसंतरीच झालं. आमच्याकडे पण घटप्रभेचा धबधबा, ५२ मीटर, त्याच पाण्याच्या जोरावर १८८० च्या दशकात मिल उभी राहिली, लोवेलसारखंच. भोंगा झाला की अख्खं गाव हलायचं. आत दमट ठेवायचे कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद. वडील घरी यायचे ते केसात, भुवयांत कापूस घेऊन. त्या खिडक्यांतनं आता लोक कॉफी पीत नदी बघणार, त्याचे जास्त पैसे देणार. राग नाही. पण ज्यांनी आत फुप्फुसं घालवली त्यांचं नाव त्या जाहिरातीत कुठं असतं का?

आणि मुंबईचं बघा. आमच्या चुलत्यासारखे इकडचे किती जण परळ लालबागला गिरणीत होते, १९८२ च्या संपात सगळं गेलं, नंतर गिरण्या पाडून टॉवर. निदान लोवेलवाल्यांनी इमारत तरी ठेवली.

---

कडोलीकर_मेरिमॅककाठी

@गोकाक_फॉल्स_क्वार्टर भाऊ तुमचं म्हणणं मान्य, म्युझियममध्ये त्या पोरींची पत्रं, पगार, संप सगळं आहे, फ्लॅटच्या जाहिरातीत नाही हे खरं. पण ठेवली म्हणून लोवेलला फार मोठेपणा देऊ नका. गिरण्या बंद पडल्यावर इथं जमिनीला भावच नव्हता, पाडायलाही पैसे लागतात, बऱ्याच पाडल्याही. परळची जागा सोन्याची होती म्हणून तिथं टॉवर आले. इथं उरलेल्या वाचल्या त्या पार्कमुळं आणि करसवलतीमुळं. ऐतिहासिक इमारत नीट दुरुस्त केली तर बिल्डरला खर्चाच्या २० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट मिळतं, पण उत्पन्न देणारी इमारत असेल तरच, आणि पाच वर्षांच्या आत विकली तर काही भाग परत द्यावा लागतो. म्हणून इथं पुष्कळ गिरण्यांत आधी भाड्याचे फ्लॅट होतात.

@तिसरं_गेट_बेळगाव यावरून एक आठवलं, हा फ्लॅट आधी भाड्याचा होता का विचार. असेल तर आतलं प्लंबिंग, वॉटर हीटर, एसी सगळं एकाच वर्षी बसवलेलं आणि एकाच वर्षी सगळ्या इमारतीत मरणार.

---

उद्यमबाग_लेथवाला

एक विचारू का ताई, राग मानू नका. प्लॉट बाबांनी स्वतःच्या पगारातनं घेतलाय का आजोबांच्या जमिनीच्या पैशातनं? वडिलोपार्जित असेल तर २००५ नंतर मुलीचा पण भावाएवढाच वाटा हाय, तुमची सही लागणार. बाबांचा स्वतःचा असेल तर ते कुणालाबी देऊ शकतात, पण मग घरात आत्ताच बोलून घ्या. आमच्या गल्लीत अशाच एका प्लॉटवरनं भाऊ बहीण दिवाळीला एकमेकांकडं जात नाहीत.

---

तिसरं_गेट_बेळगाव

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

@उद्यमबाग_लेथवाला राग कसला. बाबांच्या पगारातला आहे. बाबा म्हणतात निम्मे तुझे, मी म्हणते आधी विकूदे तरी. पण तुम्ही म्हणता तसं कागदावर घ्यायला पाहिजे, ते मी आजच बोलते.

@निपाणीची_माई तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. आई म्हणाली या बाईंना घरी जेवायला बोलव. चिमणीचं विचारलं, पाइप बाहेर जात नाही, फिरून घरातच येतं. भाऊ म्हणतो एअर फ्रायर घेऊ. वहिनी गप्प.

@कडोलीकर मिनिट्स मागितल्या तर ब्रोकर म्हणाला ऑफर ॲक्सेप्ट झाल्यावर देऊ. असं असतं का? आणि शिशाचे कागद "शोधतोय" म्हणतोय. भावाला अजून तोच पाहिजे, त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक भिंतीवाला पण आहे, दोन बंद खोल्या, पंचवीस हजार जास्त, पण त्याला त्या वरच्या तुळया दिसत नाहीत म्हणून नको.

---

कडोलीकर_मेरिमॅककाठी

ऑफरनंतर देतात हे होतं, पण मग ऑफरमध्येच लिहून घ्यायचं की असोसिएशनचे कागद बघून पटले नाहीत तर डिपॉझिट परत. वकील लिहून देतो. शिशाचे कागद "शोधतोय" म्हणजे नाहीत असं धरूनच चाला.

दुसऱ्या मजल्याचा मला तरी बरा वाटतो. बाबांना जिना नाही, आई बाबांना दार, आणि विकताना गिऱ्हाईक जास्त मिळतं, दार नसलेलं घर लेकरंबाळंवाले शक्यतो घेत नाहीत. तुळया बघायच्या असतील तर माझ्याकडे येऊन बघ म्हणावं, चहा देतो.

अजून एक राहिलं, मास्टर डीडमध्ये भाड्यानं देण्याबद्दल काय आहे ते वाचायला लाव. काही इमारतीत ठरावीक टक्केच फ्लॅट भाड्यानं देता येतात, बाकीच्यांनी नंबर लावायचा. तो एच-वनवर आहे, नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी नाहीतर गाशा गुंडाळायचा. तेव्हा घर विकायला वेळ नसतो आणि भाड्यानं देता येत नसेल तर हप्ता आणि सहाशेवीस दोन्ही बेळगावातनं भरावे लागतील, आणि तोपर्यंत प्लॉट गेलेला असेल.

---

तिसरं_गेट_बेळगाव

हे त्याला माहीतच नव्हतं. स्क्रीनशॉट पाठवला. शनिवारी संध्याकाळी सात नंतर दोन्ही फ्लॅट परत बघायला जातोय, वहिनी आणि मुलगी पण. प्लॉटला गिऱ्हाईक बघायचं तोपर्यंत थांबवलंय, ई-खाता मात्र काढायला टाकते. कॅम्पातले सीए साहेब, त्यासाठी जुना उतारा आणि घरपट्टीची पावती पुरते का अजून काही लागतं?

---

कॅम्पातला_सीए

खरेदी दस्त, चालू वर्षाची टॅक्स पावती, बाबांचं आधार, प्लॉटचा फोटो आणि बोजा नसल्याचा दाखला. लेआउट मंजूर आहे का तेही बघा, अंगोळच्या बाजूला काही नुसतेच गुंठे पाडून विकलेले आहेत. दस्ताची झेरॉक्स घेऊन या एकदा, संध्याकाळी सहानंतर असतो.